सिस्टर, आज घरी थांबा!

वलवणला जुलैचा पाऊस लागला, की धरणाची भिंत दिसेनाशी होते. घराच्या भिंतींना ओल येते, दोरीवरचे टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि ज्यांना शक्य असते ते उंबरठा ओलांडत नाहीत. आमच्या आईची देखभाल करणाऱ्या मावशींना मात्र तो ओलांडावाच लागे. कामशेतहून सकाळची लोकल पकडायची, लोणावळा स्टेशनवरून भिजत चालत यायचे आणि आठाच्या ठोक्याला आईच्या खोलीत हजर व्हायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. २०२३ च्या जुलैतल्या एका सकाळी त्या आल्या त्या खोकतच. पदर तोंडाला लावून, आवाज दाबून खोकत होत्या. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. खोकला मला स्पष्ट ऐकू आला आणि मी तो ऐकला नाही.

ऐकला असता तर मावशींना परत पाठवावे लागले असते. मग आईची कूस कोण बदलणार, तिचे डायपर कोण बदलणार, तिला भरवणार कोण? मला त्या दिवशी पुण्याला बँकेचे काम होते. मी छत्री घेतली आणि निघालो.

पाच-सहा दिवसांनी आई जेवेनाशी झाली. तिला ताप नव्हता, खोकलाही जेमतेम होता. फक्त ती मला माझ्या दिवंगत मामाच्या नावाने हाका मारू लागली. 'वय झाले' म्हणून आम्ही दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि न्यूमोनिया असल्याचे सांगितले. अकरा दिवस रुग्णालयात काढून आई घरी आली. त्याआधी ती वॉकर धरून व्हरांड्यापर्यंत जात असे. ते चालणे मात्र परत आले नाही.

मावशींच्या खोकल्यातूनच हे आले, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. घरात दूधवाला येतो, पाहुणे येतात, मी स्वतः गावभर हिंडून येतो. पण पुढे एकदा मी मावशींना विचारलेच, तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, दोन दिवस कणकण होती अंगात. पण मे महिन्यात पोरगा आजारी होता म्हणून मी दोन दिवस राहिले, तर तुम्ही दोन दिवसांचे पैसे कापले. ब्युरोवाला पण बोलला. मग कसं सांगणार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

वृद्धांच्या खोलीतला संसर्ग रोखायचा तर साबण, हातमोजे, मास्क हे सगळे हवेच. परंतु 'मला आज बरे नाही' आणि 'माझ्या हातून चूक झाली' ही दोन वाक्ये सेवा करणाऱ्या बाईला न घाबरता बोलता येत नसतील, तर ती सगळी साधने कपाटातच राहतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे. त्या मताची ही कारणे.

म्हातारपणाचा ताप दिसत नाही

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे १० कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण शेकडा १० च्या आसपास होते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण साठीपुढचा असेल. मुले बंगळूरला किंवा बोस्टनला आणि आईवडील बंगल्यात, हे चित्र आमच्या वलवणलाही नवे नाही. एके काळी मुंबईकर इथे महिनाभर हवापालटाला येत. आता काही जण उरलेले आयुष्य काढायला येतात. त्यांच्या उशाशी कोण बसते, हा खरा प्रश्न आहे.

तीन वर्षांचे शिक्षण घेतलेली परिचारिका असो की ब्युरोने चार दिवसांत काम शिकवून पाठवलेली बाई, पुष्कळ घरांत आपण दोघींनाही 'सिस्टर' म्हणतो. हाक एकच असली, तरी तयारी एक नसते. आणि काम तर भलतेच नाजूक असते. म्हाताऱ्या शरीराची कातडी पातळ होते, ती साध्या घर्षणाने सुटते. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा होतात. गिळताना अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो. मूत्राशयात नळी घातलेली असेल तर ती जितके दिवस राहील, तितका जंतूंचा धोका वाढत जातो. अभ्यासकांच्या हिशेबाने तो रोज शेकडा ३ ते ७ इतका असतो. शिवाय तरुणाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. म्हाताऱ्या माणसाला तो येईलच असे नाही. ते जेवत नाही, गोंधळते, पडते. घरचे म्हणतात, 'वय झाले.' आम्हीही तेच म्हणालो होतो.

हा धोका केवळ घरातलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर आपल्यासारख्या मध्यम आणि गरीब देशांत १५ जणांना तिथेच नवा संसर्ग होतो. बरे व्हायला गेलेला माणूस नवे दुखणे घेऊन येतो. यातला बराचसा भाग टाळता येण्यासारखा असतो, हेच दुःख आहे.

खरे बोलणारा डॉक्टर का हरला?

हात धुण्याची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. तिचा शेवट मात्र फारसा सांगितला जात नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४६ साली डॉक्टर आणि विद्यार्थी काम करत त्या विभागात शंभरातल्या अकरा बाळंतिणी दगावल्या. सुइणी काम करत तिथे तिघीही नाहीत. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येतात, हे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने १८४७ मध्ये ओळखले. त्याने क्लोरीनच्या चुनकळीच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही वैद्यक जगताने त्याचे ऐकले नाही. पुढे तो चिडला, कडवट झाला, ऐकत नसलेल्या डॉक्टरांना त्याने जाहीर पत्रांतून खुनी ठरवले. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो गेला. त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. पण 'तुम्ही मारता' असे ऐकून कोणी हात पुढे करत नाही, मागे लपवतो.

याच्या उलट गोष्ट जिनिव्हाची. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी १९९४ च्या सुमारास पाहणी केली, तेव्हा हात स्वच्छ करायला हवेत अशा प्रसंगांपैकी निम्म्याहून कमी वेळा ते केले जात होते. पिते यांनी हिशेब मांडला. तासाला वीसदा हात धुवायचे आणि दर वेळी बेसिनपर्यंत जाऊन-येऊन मिनिट-दीड मिनिट घालवायचे, तर परिचारिकेने रुग्ण कधी पाहायचा? त्यांनी अल्कोहोलच्या द्रावाची बाटली खाटेशेजारी आणून ठेवली. अर्ध्या मिनिटात काम होऊ लागले. भिंतीवरची चित्रे कर्मचाऱ्यांनीच तयार केली. चार वर्षांत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात होणारा संसर्ग जवळपास १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेची हात स्वच्छतेची मोहीम पुढे याच अनुभवावर उभी राहिली.

दोन्ही ठिकाणी ज्ञान तेच होते. एकाने माणसांना दोष दिला, दुसऱ्याने अडचण कुठे आहे ते पाहिले. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आणि वृद्धाश्रमांत आजही पहिलीच रीत चालते, असे म्हणावे लागेल.

त्यागाची स्तुती, रजेला नकार

सेवेकरी माणसाचे गुणगान आपण मनापासून करतो. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना चालवला. आजाऱ्यांना आणता आणता सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या काळी प्लेगवर प्रभावी औषध नव्हते, हातमोजे नव्हते, धोका दिसत असूनही पाठ फिरवणे त्यांना मान्य नव्हते. तो त्याग थोरच. परंतु सव्वाशे वर्षांनंतर आपण प्रत्येक परिचारिकेकडून तोच त्याग नित्याचा म्हणून मागू लागलो, तर ते सावित्रीबाईंचे स्मरण ठरत नाही. स्वतः आजारी असताना रुग्णाजवळ उभे राहणे ही आज सेवा नाही, रुग्णाला धोका आहे. आपल्या मनातली 'ती तापातही आली हो!' ही कौतुकाची भाषा आता बदलायला हवी.

कोरोनाने हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकवला. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात किर्कलंड येथल्या एका शुश्रूषागृहात साथ शिरली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथले ८१ वृद्ध, ३४ कर्मचारी आणि १४ भेटीला आलेले लोक बाधित झाले होते. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने कारणे शोधली, तेव्हा त्यात लक्षणे असूनही कामावर येणारे कर्मचारी होते, एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे कर्मचारी होते, संरक्षक साधनांचा सराव नसणे होते, साधनांचा तुटवडाही होता. दोन ठिकाणी काम कोण करते? ज्याचे एका ठिकाणच्या पगारात भागत नाही तो. ही गोष्ट श्रीमंत अमेरिकेतली आहे. आमच्या मावशीही दुपारी चारनंतर दुसऱ्या एका आजोबांकडे जात असत.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस भिवंडीजवळच्या सोरगाव येथील मातोश्री वृद्धाश्रमात साठांहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले. त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलेली होती. बाधितांत आजी-आजोबांबरोबर कर्मचाऱ्यांच्या घरची माणसेही होती. यात कोणाला दोष द्यावा असे काही नाही. सेवा करणाऱ्याचे घर आणि सेवा घेणाऱ्याची खोली यांच्यामध्ये भिंत नसते, एवढेच त्यातून दिसते. एका घरातला ताप दुसऱ्या घरात जाणारच. म्हणून मावशींच्या पोराचे आजारपण हा माझ्याही आईच्या प्रकृतीचा प्रश्न होता. मी तो फक्त त्यांच्या खाड्याचा प्रश्न मानला.

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सर्वांनी परिचारिकांसाठी टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. आजारपणाच्या पगारी रजेविषयी मात्र त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कोणी अवाक्षर काढले नाही.

घाटातली शिस्त

'सुरक्षा संस्कृती' हा शब्द जड वाटतो. तो रूढ झाला १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर. यंत्र कितीही चांगले असले, तरी माणसे एकमेकांशी कशी वागतात, धोका दिसला तर कोण कोणाला थांबवू शकतो, यावर सुरक्षितता अवलंबून असते, असा त्याचा अर्थ. लोणावळ्याच्या माणसाला तो समजायला इतके दूर जायला नको. मुंबईकडे निघालेली गाडी बोरघाट उतरण्याआधी ब्रेक तपासण्यासाठी थांबते. घाटात 'कॅच सायडिंग' नावाचे आडरूळ आहेत. गाडी आवरली नाहीच, तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर थांबवण्यासाठी ते टाकलेले असतात. यात चालकावर अविश्वास नाही. माणूस चुकू शकतो आणि लोखंडही दगा देऊ शकते, हे आधीच धरून चालल्यामुळेच आपण त्या गाडीत निवांत डुलकी काढतो.

वृद्धसेवेत असे आडरूळ आपण कुठे टाकले आहेत? चूक झाली की 'कोणी केली?' एवढाच प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधे देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. जिथले कर्मचारी एकजुटीने, चांगले काम करतात तिथे चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटेच निघाले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर कळले, की तिथे माणसे चुका उघडपणे सांगत होती, तर कडक वरिष्ठांच्या विभागांत त्या झाकल्या जात होत्या. ज्या वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत वर्षभरात एकही चूक नाही, तिथे आपल्या आईला ठेवताना दहा वेळा विचार करावा.

झाकलेली चूक किती महाग पडते, याचे एक उदाहरण पुरे. २०१० मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका वृद्धनिवासात रक्तातली साखर तपासण्याचे बोटाला टोचायचे साधन अनेकांसाठी वापरले गेले. त्यातून आठ जणांना हिपॅटायटिस 'बी' झाला आणि सहा जण दगावले. साखर तपासणे ही आपल्या घरांतही रोजची गोष्ट झाली आहे. नवरा-बायको दोघे मधुमेही असले तर 'एकच पेन, सुई तेवढी बदलू' असे सर्रास चालते. तेही चालू नये. टोचायचे पेन ज्याचे त्याचे वेगळे हवे.

चुकांची वही

रुग्णालयातून आल्यावर आईला पाच महिने मावळातल्याच एका छोट्या वृद्धसेवा केंद्रात ठेवले होते. तिथल्या प्रमुख सिस्टर सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. आवाज मोठा, पण कोणावर ओरडताना मी त्यांना पाहिले नाही. त्यांच्या टेबलावर शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही असे. संध्याकाळी ड्यूटी संपताना प्रत्येकीने त्यात आज काय चुकले किंवा चुकता चुकता राहिले ते लिहायचे. नाव लिहायचे नाही.

मी ती वही पाहायला मागितली. त्यांनी दिली. 'जेवण भरवायच्या घाईत दोन आजींच्या मध्ये हात धुतले नाहीत.' 'लघवीची पिशवी उचलताना पोटाच्या वर धरली.' 'इंजेक्शन झाल्यावर सुईला टोपण लावायला गेले, बोटाला टोचली.' माझ्या अंगावर काटा आला. सिस्टर म्हणाल्या, "दादा, या चुका सगळीकडे होतात. इथे त्या दिसतात एवढंच."

प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने एक प्रश्न आणि एक उत्तर होते. हात का धुतले नाहीत? नळ व्हरांड्याच्या टोकाला आहे आणि पावसाळ्यात पाणी बर्फासारखे असते. मग प्रत्येक खाटेला द्रावाची बाटली टांगली गेली. पिशवी वर का धरली? खाटेला खाली आकडा नव्हता. लोहाराकडून आकडे करून आणले. सुईला टोपण का लावले? सुया टाकायचा पांढरा डबा ऑफिसात होता. तो खोलीत आला. जिला सुई टोचली तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले, रक्त तपासले, पुढची काळजी घेतली आणि खर्च केंद्राने केला. नाव न लिहिण्याची मुभा असताना तिने आपण होऊन पुढे येऊन सांगितले, हे सिस्टरना सर्वांत मोलाचे वाटत होते.

बांगड्यांचाही प्रश्न होता. बांगड्यांखाली आणि अंगठीखाली जंतू राहतात, हात नीट धुतले जात नाहीत. नव्याने लागलेली, नुकतेच लग्न झालेली मुलगी हिरवा चुडा काढायला तयार नव्हती. सिस्टरांनी तिला नियमाचा कागद दाखवला नाही. बेसिनशेजारी प्रत्येकीच्या नावाचा स्टीलचा डबा होता, त्यात त्या स्वतःच्या पाटल्या रोज काढून ठेवत. महिनाभर त्या मुलीला जेवण वाढण्याचे आणि आजींना वाचून दाखवण्याचे काम दिले. एके दिवशी एक आजी तिला म्हणाल्या, "माझी वेणी तू घाल गं, तुझा हात हलका आहे." त्या दिवसापासून चुड्याची जागा डब्यात होती.

आणि एक दिवस माझीही पाळी आली. सर्दीने नाक गळत होते, पण रविवार होता म्हणून आईला भेटायला गेलो. सिस्टर दारातच उभ्या राहिल्या. "दादा, आज आईंना खिडकीतूनच बघा. माझ्या मुली आजारी असल्या तर मी त्यांना घरी थांबवते, मग तुम्हाला कशी सोडू?" मला क्षणभर अपमान वाटला. आईचा मुलगा मी, पैसे भरणारा मी! मग मी खिडकीपाशी गेलो. आईने हात हलवला. त्या दिवशी मला वलवणच्या घरातली ती जुलैची सकाळ आठवली. तिथे दारात उभे राहणारे कोणी नव्हते. ते काम माझे होते.

परवडते का?

पगारी रजा द्यायची, बदली बाई ठेवायची, हे परवडते का, असा प्रश्न कोणीही विचारील. मी माझ्यापुरता हिशेब मांडला. मे महिन्यात मावशींचे दोन दिवसांचे सोळाशे रुपये मी कापले होते. रुग्णालयाचे बिल लाखाच्या पुढे गेले. अर्थात प्रत्येक कुटुंबाचा खिसा सारखा नसतो आणि देणग्यांवर चालणाऱ्या वृद्धाश्रमाला तर महिनाअखेर गाठणेच कठीण. परंतु एकाच गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक बदली बाई ठरवून ठेवणे अशक्य नाही. ब्युरो दर महिन्याला कमिशन घेते, तर बदली पाठवण्याची जबाबदारी तिची, हे काम ठरवतानाच लिहून घेता येते. शिकलेल्या बाईची अपेक्षा असेल तर तिच्या शिक्षणाचा दाखला मागावा आणि पगारही त्याप्रमाणे द्यावा. माझ्या घरी मावशी आल्या तेव्हा मला कोणी दाखला दाखवला नाही आणि मीही तो मागितला नाही. स्वस्तात काम होत होते.

सुट्टीचा गैरफायदा घेतला जाईल, हा दुसरा आक्षेप. तो मी सिस्टरांपुढे ठेवला होता. त्या म्हणाल्या, "दहातल्या दोघी फसवतील. आठ जणी खरं बोलतील. मला त्या आठ जणी हव्या आहेत." याचा अर्थ सगळेच माफ असा नाही. तपासणी न करता आकडे लिहिणारी, एकाची सुई समजून-उमजून दुसऱ्याला वापरणारी व्यक्ती कामावर राहता कामा नये. घाईत झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा यांत फरक करता येतो; तो करण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

सरकारची जबाबदारी यातून सुटत नाही. खासगी रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, आईवडील आणि ज्येष्ठांच्या कल्याणासाठी २००७ चा कायदा आहे, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही काढली. कागद पुष्कळ आहेत. वृद्धाश्रमाची तपासणी करणाऱ्याने खोल्या, खाटा आणि जेवण मोजावे. त्याबरोबर रात्रपाळीला किती जणी असतात, त्यांना आजारपणात पगार मिळतो का आणि चुकांची वही आहे का, हे तीन प्रश्नही विचारावेत. त्यांच्या उत्तरांवरून त्या जागेची खरी प्रकृती कळेल.

आणि आपणही ते विचारावेत. आईला ठेवायची जागा पाहायला जातो तेव्हा आपण बाग पाहतो, टाइल्स पाहतो, देवघर पाहतो. खाटेपासून हात स्वच्छ करण्याची सोय किती पावलांवर आहे, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा आहे का, पावसाळ्यात तो वाळवतात कुठे, हे विचारत नाही. घरी बाई ठेवतो तेव्हा येण्या-जाण्याची वेळ बजावतो; 'बरे नसेल तर सकाळी फोन करा, पैसे कापणार नाही' हे वाक्य बोलत नाही.

आई आता पुन्हा वलवणलाच आहे. मावशीही परत आल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात एकदा पहाटे सहाला फोन वाजला. "दादा, अंगात कणकण आहे. आज येत नाही." एवढे बोलून त्या थांबल्या. मी काय म्हणतो याची वाट पाहत असाव्यात. मी म्हटले, "बरे वाटेपर्यंत घरीच थांबा. पैशांची काळजी करू नका."

दोन दिवस आईचे सगळे मी केले. कूस बदलताना माझी कंबर धरली, चादर दोनदा ओली झाली आणि आईने मला स्पष्ट सांगितले, की तुला केस विंचरता येत नाहीत. बाहेर पाऊस कोसळत होता. तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. आल्या आल्या त्यांनी बांगड्या काढून फळीवरच्या डब्यात ठेवल्या, हात धुतले आणि आईच्या उशाशी जाऊन बसल्या.